दर्शनी भिंत

सांगलीच्या गावभागातील एका अरुंद रस्त्यावर एक दुमजली घर आहे. नवख्या माणसाला ती दोन घरे वाटतात. डावी बाजू करड्या-पांढऱ्या खडीच्या खरबरीत गिलाव्याची, उजवी बाजू गुळगुळीत आणि फिकट पिवळ्या रंगाची. मधोमध गच्चीपासून जमिनीपर्यंत उतरलेला पावसाच्या पाण्याचा नळ, आणि तीच दोन्ही बाजूंची शीव. डावीकडे अण्णा राहतात. उजवीकडे त्यांच्या दिवंगत थोरल्या भावाचे, आप्पांचे, कुटुंब राहते. २०१९ पर्यंत ही भिंत एकसारखी होती.

घर १९८२ साली बांधले गेले, तेव्हा दोघा भावांची हळदीची अडत एक होती आणि चूलही एकच होती. त्या काळात शाळा, बँका, सरकारी कचेऱ्या आणि ऐपतदारांचे बंगले यांना बाहेरून ‘ग्रिट वॉश’ करण्याची पद्धत होती. विटांच्या भिंतीवर आधी सिमेंट-वाळूचा सुमारे अर्ध्या इंचाचा थर देत आणि तो ओला असतानाच त्यावर आडव्यातिडव्या रेघा ओढत, म्हणजे वरच्या थराला पकड मिळे. मग लाकडी पट्ट्या लावून भिंतीचे चौकोन पाडत आणि प्रत्येक चौकोनात सिमेंटमध्ये कालवलेली बारीक खडी थापीने दाबून बसवत. सिमेंट आवळू लागले आहे, पण पुरते घट्ट झालेले नाही, अशी नेमकी वेळ साधून मऊ ब्रशाने आणि पाण्याने वरची सिमेंटची साय धुऊन काढावी लागे. घाई केली तर खडी निखळते, उशीर केला तर सिमेंट निघत नाही. नंतर पट्ट्या काढल्या की चौकोनांच्या मधे खाचा राहत. त्या केवळ शोभेच्या नसत. एका दिवसात जेवढे काम उरकेल तेवढाच चौकोन घ्यायचा, म्हणजे कालच्या आणि आजच्या कामाचा सांधा खाचेत लपतो. सिमेंट सुकताना आकसते, तेव्हा पडणारी चीरही शक्यतो त्या खाचेतच पडते.

खडीची निवड आप्पांची होती. पांढऱ्या संगमरवरी खडीत तिचा चौथा हिस्सा काळी खडी मिसळावी, म्हणजे धूळ बसली तरी भिंत मळकी दिसणार नाही, असा त्यांचा हिशेब. “एकदा केलं की रंगाऱ्याची उधारी नाही,” असे ते म्हणत. पुढे सदतीस वर्षे त्या भिंतीने रंगासाठी एक रुपयाही मागितला नाही, हे खरेच आहे.

१९९८ साली भाऊ वेगळे झाले. निमित्त एका बुडीत येण्याचे होते. माल नेणारी पेढी बसली होती. ती रक्कम बुडाली असे समजून खात्यातून काढून टाकावी, असे आप्पांचे मत. ज्याने उधारी दिली होती त्या अण्णांना ते पटेना, आणि दरवर्षी पाडव्याला ते येणे नव्या वहीत ओढले जाई. अखेर दुकान वेगळे झाले, मग चूल, मग घर. वाटणी पैपर्यंत चोख झाली. घराच्या आत मधोमध भिंत उभी राहिली. गच्चीवरील वाळवणाच्या जागेवरून पुढे कुरबुर नको म्हणून तिथेही तीन फुटी भिंत घालावी, असा आग्रह अण्णांनी धरला, आणि तिचा खर्चही त्यांनीच केला.

त्यानंतर दोन्ही बाजूंचे संबंध तुटले असे नव्हे. लग्नकार्याच्या पत्रिका जात-येत, क्षमावणीला फोनवरून क्षमायाचनाही होई. २०११ साली आप्पा गेले तेव्हा अण्णा तेरा दिवस त्या घरात बसून होते. परंतु विनाकारण उंबरा ओलांडण्याची सवय मोडली, ती मोडलीच.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी गावभागात शिरले. तळमजल्यावर छातीइतके पाणी चढले आणि कित्येक दिवस उतरले नाही. ते ओसरले तेव्हा खडीच्या गिलाव्याच्या प्रत्येक खळग्यात गाळ बसला होता. आप्पांच्या मुलाच्या घरी त्याच वर्षी दिवाळीनंतर मुलीचे लग्न होते. ठेकेदाराने सुचवले की, खडीवर सिमेंटचा पातळ थर देऊन ती बुजवावी, वर पुट्टी आणि त्यावर जलरोधक रंग लावावा, म्हणजे भिंत नवी दिसेल. काम वीस दिवसांत झाले आणि लग्नाच्या मांडवामागे पिवळी भिंत खरोखरच झळकली.

पुढच्या पावसाळ्यात रंगाला फुगे आले. त्याच्या पुढच्या वर्षी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा पूर आला आणि पोपडे सुटले. खालच्या बाजूस पांढऱ्या भुकटीसारखा लोणा फुलला. पुतण्याने दोनदा खरवडून पुन्हा रंग दिला आणि दोन्ही वेळा तो टिकला नाही. याचे कारण गूढ नव्हते. पुरात भिजलेली विटांची भिंत वाळायला काही महिने लागतात. ती ओली असतानाच वरून पाण्याला अडवणारा पापुद्रा चढवला, की आतली ओल बाहेर पडू शकत नाही. ओलीबरोबर विटांतले आणि सिमेंटमधले क्षार पृष्ठभागाकडे सरकतात, रंगाच्या पाठीमागे साचतात आणि तिथे त्यांचे स्फटिक होऊन रंगाला बाहेर ढकलतात. मग रंग कितीही उंची असला तरी तो सुटतोच.

अण्णांनी आपली बाजू तशीच ठेवली होती. त्यात शहाणपणापेक्षा आळस अधिक होता, असे ते स्वतःच म्हणत. २०२३ च्या पावसाळ्यात मात्र त्यांच्याही वरच्या मजल्याच्या कोपऱ्यातून खडीचा एक हातभर लपका रस्त्यावर पडला. दैवयोगाने खाली कोणी नव्हते. त्याच सुमारास थोरल्या नातीचा साखरपुडा माघात ठरला, आणि मुलाने विषय काढला.

“अण्णा, चाळीस वर्षं झाली त्या भिंतीला. आता झाकून टाकू या.”

ठेकेदार आला. त्याने ॲल्युमिनियमच्या संमिश्र पत्र्यांचे नमुने पुढे मांडले. बाजारात त्यांना एसीपी म्हणतात. भिंतीवर लोखंडी चौकट मारायची, तिच्यावर पत्रे बसवायचे, आठ दिवसांत काम पूर्ण. खर्च दोन लाखांच्या घरात.

“जुन्या खडीचं काय करणार?” अण्णांनी विचारले.

“काहीच नाही. ती आत राहील. दिसणार नाही.”

“आणि पाणी आत गेलं तर?”

“तेही दिसणार नाही, अण्णा,” ठेकेदार हसून म्हणाला.

तो विनोद होता, पण अण्णा त्या रात्री त्यावरच विचार करीत राहिले. चौकटीसाठी भिंतीला शंभरेक भोके पडणार होती. पत्र्याच्या मागच्या पोकळीत ओल साचली तरी ती वर्षानुवर्षे कळणार नव्हती. नातीने आणखी एक गोष्ट समोर ठेवली. लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या इमारतीला १४ जून २०१७ रोजी आग लागली आणि ७२ माणसे गेली. ती आग इतकी झपाट्याने पसरण्यास बाहेरून बसवलेले, पोटात पॉलिइथिलीन असलेले असे पत्रे मुख्यतः कारणीभूत ठरले, हे तिथल्या चौकशीत निष्पन्न झाले. दुमजली घराची तुलना त्या मनोऱ्याशी होत नाही, आणि आगीला दाद न देणारे महाग पत्रेही मिळतात. तरीही मुलाचा उत्साह थोडा ओसरला.

मग इतर मार्गांचा विचार झाला. संपूर्ण खडी टाकी-हातोड्याने काढून नवा गिलावा करणे हा सर्वांत खात्रीचा उपाय वाटत होता. परंतु सिमेंटमधली खडी दगडासारखी घट्ट असते आणि तिच्याबरोबर विटांचे कपचेही निघतात. शिवाय धूळ, राडारोडा, अरुंद रस्ता, आणि नव्या गिलाव्याला किमान आठवडाभर पाणी मारणे. खर्चही सर्वांत जास्त. दुसरा मार्ग खडी बुजवून वर गुळगुळीत थर देण्याचा, म्हणजे पुतण्याने केला तोच. काळजीपूर्वक केला तर तो टिकतोही, मात्र त्यासाठी भिंत आधी कोरडी हवी, धुऊन स्वच्छ केलेली हवी, पकड देणारा द्रव लावून वर जाळी हवी, आणि मुख्य म्हणजे खालची खडी विटांना घट्ट धरून असली पाहिजे. खालचा थरच सुटलेला असेल, तर वरचा थर म्हणजे त्याच्या पाठीवर आणखी एक ओझे. टाइल लावायची म्हटली तरी हाच प्रश्न, आणि तिचे ओझे तर याहून अधिक.

म्हणजे कोणताही मार्ग घेतला, तरी भिंत किती धरून आहे हे आधी पाहणे भाग होते. चातुर्मासात तोडफोडीचे काम काढायचे नाही ही घरची जुनी रीत. शोधून आणलेल्या मिरजेच्या साठीतल्या गवंड्याचेही म्हणणे तेच पडले, कारण तेवढे वेगळे होते. “ओल्या भिंतीचा आवाज खोटा येतो. दिवाळी होऊ द्या, मग वाजवू,” तो म्हणाला.

कार्तिकात परांची बांधली गेली. खडीच्या खळग्यांत कोळ्यांची आणि किड्यांची वस्ती असते, म्हणून अण्णांनी पहिल्या दिवशी कोणतेच अवजार लावू दिले नाही, मऊ कुंच्याने हलकेच झाडून घेतले. दुसऱ्या दिवशी गवंडी हातोडीच्या लाकडी दांड्याने एकेक चौकोन वाजवत वर गेला. खणखणीत आवाज आला की पुढे जायचा, बद्द आवाज आला की खडूने गोल काढायचा. अण्णांच्या बाजूला चोवीस चौकोन होते. संध्याकाळी मोजले तेव्हा सात चौकोनांवर खडू होता, त्यांतले पाच मधल्या नळाला लागून आणि वरच्या मजल्यावर.

मुलगा म्हणाला, “पुरानं पोकळ केलं असेल.”

गवंड्याने मान हलवली. “पुराचं पाणी छातीपर्यंत होतं म्हणता. हे चौकोन पंधरा फुटांवर आहेत. आणि पलीकडं बघा, दादांच्या बाजूलाही वरचे पोपडे नळाजवळच जास्त आहेत. खालचं पाणी पुराचं, पण वरचं पाणी वरनंच आलंय.”

सगळे गच्चीवर गेले. बांधकामाच्या वेळी साऱ्या गच्चीचा उतार एकाच दिशेला, रस्त्याकडच्या कठड्याच्या मधोमध असलेल्या नळाच्या तोंडाकडे दिलेला होता. १९९८ मध्ये घातलेली तीन फुटी भिंत नेमकी त्याच तोंडावर येऊन संपली होती, अर्धे तोंड अलीकडे आणि अर्धे पलीकडे. ती भिंत नीट बसावी म्हणून त्या वेळी गच्चीचा कोबा तिच्या लांबीभर खणला गेला होता. गवंड्याने पायथ्याशी सळई घातली. ती बोटभर आत गेली आणि ओली माती घेऊन बाहेर आली. पंचवीस पावसाळे पाणी त्या पायथ्याशी तुंबत होते आणि कोब्याच्या चिरेतून दर्शनी भिंतीत उतरत होते. अण्णांची खडी पोकळ झाली ती त्यानेच, आणि पुतण्याच्या रंगाला वरच्या मजल्यावर पोपडे आले तेही त्यानेच. ते मात्र सर्वांनी पुराच्या नावावर मांडले होते.

अण्णा बराच वेळ तिथे उभे होते. ती भिंत कोणाच्या आग्रहाने उभी राहिली, हे तिथे असलेल्यांपैकी फक्त त्यांनाच ठाऊक होते. मुलगा तेव्हा लहान होता. पलीकडे कळवले नसते तरी चालण्यासारखे होते. आपल्या बाजूचा पायथा डांबराने बंद करावा, सात चौकोन बदलावेत, साखरपुडा पार पडावा. दोन-तीन पावसाळे निभावले असते, आणि सगळे पाणी पलीकडे वळले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा उजव्या बाजूच्या दारात उभे राहिले. वहिनींनी दार उघडले. त्यांचे वय आता ऐंशीच्या पुढे.

“भावजी, या. सगळं बरं आहे ना?”

“बरं आहे, वहिनी. एक चूक झाली होती, ती सांगायला आलो.”

त्यांनी सगळे सांगितले, उतार, नळाचे तोंड, खणलेला कोबा. पुतण्या ऐकत होता. रंगावर दोनदा झालेला खर्च त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. तो काही बोलणार तोच वहिनी म्हणाल्या, “भिंत घालताना हे म्हणाले होते, पाणी कुठं जाईल तेवढं बघा. पण त्या दिवसांत कोण कुणाचं ऐकत होतं? ह्यांनी तरी दुसऱ्यांदा कुठं सांगितलं?”

एवढेच बोलून त्या चहा ठेवायला उठल्या. अण्णा त्या घरात दीड तास बसले.

पुढचे काम हिशेबाने झाले. गवंड्याच्या मते गच्चीवरची भिंत रस्त्याकडून सहा फूट काढली की पुरे होते. “सगळीच काढा. उरलेल्या भिंतीखालचा कोबा कोण बघणार?” असे पुतण्याच म्हणाला. भिंत निघाली. कोबा दोन्ही बाजूंनी उघडून नव्याने केला, नळाला रुंद तोंड बसवले, आणि ते बांधून तीन दिवस गच्चीवर पाणी साठवून पाहिले. खाली ओलीचा डाग आला नाही, तेव्हाच दर्शनी भिंतीला हात लावला.

अण्णांच्या बाजूचे सात चौकोन खाचेपासून खाचेपर्यंत पूर्ण काढले, म्हणजे नव्या-जुन्याचा सांधा खाचेतच राहतो. खडीचे तीन नमुने फळ्यांवर करून पंधरा दिवस उन्हात ठेवले, कारण ओली खडी नेहमीच गडद दिसते आणि रंगाचा अंदाज चुकवते. आप्पांचे एकास चारचे प्रमाण वहिनींना आठवत होते. नव्या चौकोनांवर ओले गोणपाट बांधून दहा दिवस पाणी मारले. खालच्या पट्ट्यातला लोणा कोरड्या ब्रशानेच झाडला, कारण त्यावर पाणी मारले तर तो विरघळून पुन्हा भिंतीत जातो.

पुतण्याच्या बाजूची खडी मात्र परत मिळाली नाही. सिमेंटचा थर बऱ्याच ठिकाणी तिला घट्ट चिकटला होता, आणि तो ओरबाडला असता तर खडीही निघाली असती. म्हणून सुटलेला भाग तेवढा काढून तिथे साधा वाळूचा गिलावा केला. जमिनीपासून पाच फुटांपर्यंत पुट्टी आणि रंग पूर्ण खरवडून भिंत उघडी ठेवली, कारण पूर पुन्हा येणार हे कृष्णाकाठच्या माणसाला सांगावे लागत नाही. वर, भिंत वाळल्यावर, आतली वाफ बाहेर जाऊ देणारा साधा सिमेंटचा रंग दिला. पिवळा रंग पुन्हा घ्यावा की करडा, यावर दोन दिवस चर्चा झाली आणि पिवळाच ठरला. भिंत आजही दोन रंगांची आहे.

खर्चाचा कागद समोर आला तेव्हा अण्णा म्हणाले, “गच्चीचा सगळा खर्च माझा.” पुतण्या तयार होईना. निवाडा वहिनींनी केला. “दर्शनी भिंतीचं ज्याचं त्यानं बघावं. गच्ची निम्मी-निम्मी. गच्चीवरची भिंत घालायची मजुरी भावजींनी दिली होती, ती काढायचीही त्यांनीच द्यावी.” सगळे हसले आणि तसेच ठरले. अण्णांच्या वाट्याला आलेली एकूण रक्कम पत्र्यांच्या अंदाजाच्या निम्म्याहून थोडी जास्त भरली.

व्यापाऱ्याच्या घरात झाकणे आणि दुरुस्त करणे यांतला फरक वेगळा समजावून द्यावा लागत नाही. बुडीत येणे दरवर्षी नव्या वहीत ओढले तर ताळेबंद चांगला दिसतो, पण त्या आकड्याच्या भरवशावर पुढचा व्यवहार उभा राहिला की तोही पोकळ होतो. भिंतीचेही तसेच आहे. वरचा थर कोणता द्यायचा, खडी, रंग, टाइल की पत्रा, हा आवडीचा आणि ऐपतीचा प्रश्न. तो विचारण्याआधी भिंत वाजवून पाहावी, पाणी कोठून येते ते शोधावे, आणि ते शेजाऱ्याच्या बाजूने येत असेल किंवा आपल्याकडून त्याच्याकडे जात असेल, तर त्याच्या दारी जावे. या तीनपैकी तिसरे काम सर्वांत कमी खर्चाचे आहे, आणि बहुधा तेच सर्वांत उशिरा होते.

माघात साखरपुडा झाला. नवे सात चौकोन जुन्यांपेक्षा उजळ दिसत होते. वर्षा-दोन वर्षांत धूळ बसून फरक कमी होईल, असे गवंडी सांगून गेला होता. वरपक्षातील एका पाहुण्यांनी विचारले, “रंग एकसारखा का नाही केला?” मुलगा उत्तर शोधू लागला. अण्णा म्हणाले, “ती दुरुस्ती आहे. दिसू द्या.”

२०२४ च्या मृगात पहिला मोठा पाऊस आला, तेव्हा अण्णा छत्री घेऊन गच्चीवर गेले. पलीकडून पुतण्याही आला होता. साऱ्या गच्चीचे पाणी एकाच तोंडाकडे धावत होते आणि नळातून खळखळत खाली जात होते. दोघेही काही बोलले नाहीत. पाऊस थोडा ओसरल्यावर पुतण्या म्हणाला, “काका, आईनं पापड या उन्हाळ्यात करायचे राहिलेत म्हणून सांगितलंय. पुढच्या चैत्रात जागा भरपूर आहे.”

“दोन्ही घरचे एकदमच करा,” अण्णा म्हणाले, आणि खाली उतरताना त्यांनी छत्रीच्या मुठीने कठडा एकदा वाजवून पाहिला.